पाणी उतरलेला रविवार

जानेवारी, रविवार

आज नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पाणी उतरलेलं मिळालं. निघण्यापूर्वी मी पक्ष्यांची नाही, पाण्याची चौकशी करतो. वरच्या गंगापूर-दारणा धरणांकडून पाणी आलं की बंधाऱ्याचा फुगवटा चढतो आणि काठचा चिखल बुडतो. कालव्यांना आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी, सुटलं की तोच चिखल पुन्हा उघडा पडतो. बदकं, वारकरी पक्षी खोल पाण्यातही दिसतात. शेकाट्या, तुतवार, टिलवे या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना मात्र बोटभर पाण्याखालचा ओला गाळच लागतो. कोकणात ओहोटी जे काम करते, ते आमच्याकडे पाटबंधाऱ्याचं वेळापत्रक करतं.

निफाडची थंडी बोटांत शिरली होती. चापडगावच्या मनोऱ्यावर न चढता मी काठावर पालथा झोपलो. वरून काढलेल्या फोटोत पक्षी चिखलावर चिकटवल्यासारखा दिसतो. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीला आणला की मागचं पाणी धूसर होतं आणि पक्षी एकटा उठून दिसतो. शेकाट्याच्या पांढऱ्या पोटावर ऊन पडलं की पिसांचा तपशील उडून जातो, म्हणून एक्स्पोजर थोडं खाली ठेवलं. गुलाबी पाय मात्र तसेच झळझळीत आले.

बराच वेळ टिलव्यांवर गेला. जेमतेम पंचवीस ग्रॅमचा जीव, वीण थेट उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात, आणि हिवाळा इथे, कांदा-द्राक्षांच्या शिवारात. चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी खालीवर, क्षणभरही उसंत नाही. शटर १/२००० ला नेलं तरी अर्ध्या फोटोंत डोकं हललेलंच.

सोबतचे गाइड इथलेच. टिटवी ओरडली की ते हाताने खुणावतात, "थांबा, सर." टिटवीने एकदा हाकाटी केली की सगळा काठ उडतो. पलीकडे दोघं जण उडत्या थव्याच्या फोटोसाठी टाळ्या वाजवत होते. गाइडभाऊ उठून गेले आणि त्यांना समजावून आले. मला फार बरं वाटलं. मार्च-एप्रिलमध्ये या पक्ष्यांना हजारो किलोमीटर जायचं आहे. त्यासाठी लागणारी चरबी ते याच चिखलातून टिपून साठवतात. आपल्या एका फ्रेमसाठी त्यांना उठवणं मला चोरी वाटते.

उडता थवा शेवटी मिळालाच, आम्ही काहीही न करता. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींना लगटून उडत आला आणि सगळे टिलवे एकदम वळले: पाठी तपकिरी, पुढच्या क्षणी पोटं पांढरी. तीन-चार फोटो नीट आले असावेत.

१९८६ पासूनचं हे अभयारण्य २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातलं पहिलंच. गोदावरी आणि कादवेने शंभरेक वर्षं आणून टाकलेल्या गाळाचा हा मान आहे, असं मला वाटतं. नाशिकहून वाहत येणारी पाणवेली त्याच गाळावर पसरते, तेव्हा काळजी वाटते. पाणवेलीखाली गेलेल्या चिखलात टिलव्याची चोच पोचत नाही.

परतताना गाइडभाऊंना सांगून ठेवलंय, वरून पाणी येणार असं कळलं की फोन करा. त्याआधी एकदा खानगाव थडीच्या बाजूने जायचं आहे, सकाळचं ऊन पाठीशी घेऊन.