अपात्रचा गठ्ठा

काल संध्याकाळपासून तो एक कागद डोक्यातून जात नाहीये. लिहून काढलं तर नेमकं काय टोचतंय ते कळेल, म्हणून बसलेय.

आमच्या वाचनालयाच्या कवितास्पर्धेच्या प्रवेशिका लावायचं काम यंदाही माझ्याकडेच आलं. अर्ज तपासायचा, कवितेवर क्रमांक टाकायचा, अर्ज वेगळ्या पाकिटात बंद करायचा. परीक्षकांपुढे फक्त कविता जाते, नाव जात नाही. अर्जावर बघायचं ते एवढंच: वय 13 ते 18, शाळेच्या ओळखपत्रावर आहे तेच नाव, टोपणनाव चालणार नाही, पालकांची सही. यातलं एक जरी नसलं तरी कागद अपात्रच्या गठ्ठ्यात. नियम साधे आहेत, हात आपोआप चालतात.

त्या अर्जावर सही नव्हती. विसरून राहिलेली वाटेना. सहीच्या रेघेवर पेन टेकवून उचलल्यासारखा निळा ठिपका होता आणि पुढे रेघ कोरी. बाकी सगळं वळणदार अक्षरात भरलेलं, जन्मतारखेसकट. नाव मी वाचलं, अर्थातच. इथे लिहिणार नाही.

मग कविता वाचली. अपात्र ठरलेली कविता वाचायची गरज नसते. दादा म्हणेल, हीच तुझी सवय नडते. म्हणू दे.

अभंग होता. कडव्याच्या चार ओळी, अक्षरं सहा, सहा, सहा, चार. या वयाची मुलं अभंगाच्या वाटेला सहसा जात नाहीत. यमक जुळवलं की कविता झाली असं त्यांना वाटतं, नाहीतर ओळी तोडून मुक्तछंद. हिने अक्षरं मोजली होती. मीही बोटांवर मोजत गेले आणि पहिली दोन कडवी चोख निघाली. घरी क्लासला जाते म्हणून सांगायचं आणि इथे वाचनकक्षात येऊन बसायचं, एवढाच विषय. कुठे बसते तेही आलंय. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी चार अक्षरं हवीत तिथे पाच आहेत: 'खोटं बोलते'. त्याच्यावर आधी चार अक्षरांचं काहीतरी लिहून खोडलेलं दिसतं. म्हणजे तिला येत होतं. 'खोटे बोले' केलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. मी तसं करूनही पाहिलं. मोजणी जमते, पण मग ते दुसरीच कुणी बोलल्यासारखं होतं. तिने मोजणी मोडली आणि स्वतःला तिथे ठेवलं.

कविता आणखी उतरवत नाही. ती माझी नाही.

सही का नाही हे विचारायलाच नको. सही घ्यायची तर अर्जासोबतचा कवितेचा कागद घरी दाखवावा लागणार, आणि कागद दाखवला की ती रोज कुठे असते ते कळणार. आता मी काय करायचं होतं? अपात्रच्या गठ्ठ्यात ठेवला. रबर लावलं. घरी आले.

आणि तेव्हापासून हे चाललंय. नियम वाईट आहे का? नाही. विजेत्यांच्या कविता छापतो, नावं छापतो, फोटो लावतो. लहान मुलांचं काहीही छापायचं तर घरच्यांना माहीत असायला हवं, हे मलाही पटतं. मागे एकदा तशी सही नसताना जे झालं ते वाचनालय सांभाळणाऱ्या मॅडमनी सहन केलंय, मी पाहिलंय. त्यामुळे भांडायचं कुणाशी? आपण कोण, तर अर्ज तपासणारी बाई. कवितेबद्दल आपलं मत कुणी मागितलेलं नाही. मी पण कधीतरी वहीत… जाऊ दे.

एक गोष्ट मात्र घशाखाली उतरत नाही. यंदा बऱ्याच कविता यंत्राकडून लिहून घेतलेल्या वाटल्या. वाचताना कळतं. कुठेही अडखळत नाहीत, प्रत्येक कडव्यात आशेचा एक किरण असतो, शेवट सुविचारासारखा. सिद्ध करता येत नाही, म्हणून त्या सगळ्या पात्र. सगळ्यांवर पालकांच्या सह्या आहेत. आणि जिने एका अक्षरासाठी कागद खोडला ती बाहेर. तपासणीत चूक नाही, गठ्ठे बरोबर लागलेत, तरीही रात्री झोप लागली नाही.

बक्षीस समारंभात आमचे परीक्षक सर दरवर्षी बालकवींची गोष्ट सांगतात. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला आणि अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. मुलं टाळ्या वाजवतात, मलाही दरवेळी भरून येतं. आज पहिल्यांदाच मनात आलं, की त्या मुलाकडे अर्ज मागितला असता तर? आणि नाव? कृष्णाजी केशव दामले केशवसुत म्हणून लिहायचे, गडकरी कवितेपुरते गोविंदाग्रज व्हायचे, शिरवाडकर कुसुमाग्रज, माणिक गोडघाटे ग्रेस. आपली निम्मी कविता दुसऱ्या नावाच्या आडोशाला उभी राहून लिहिलेली आहे. कारणं प्रत्येकाची वेगळी असतील, पण आडोसा होता. आणि कविता लिहिणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला आपण अर्जावरच अट घालतो, की टोपणनाव चालणार नाही.

आज दुपारी वाचनकक्षातून जाताना तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला कळलं असतं की मला कळलंय. तिने आमच्यावर विश्वास टाकून ते लिहिलंय, अर्ज आणि कविता एकाच हातात पडणार हे तिच्या लक्षातही आलं नसेल. मासिकं लावायचं काम उद्यावर ढकललं, कारण मासिकांचं कपाट त्याच बाजूला आहे.

मॅडमना सांगितलं. नाव सांगितलं नाही, कविता दाखवली नाही, नुसतं विचारलं, की सही आणता येत नसेल अशा मुलाने काय करायचं. त्या चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत बसल्या. म्हणाल्या, "यंदाचं जाहीर झालंय, त्यात हात घालता येणार नाही." मला वाटलं विषय संपला. मग म्हणाल्या, "पण बाई, छापायचंच नसेल तर सही कशाला लागते?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सही लागते ती नावाला, फोटोला, छापण्याला. कविता वाचायला सही लागत नाही. परीक्षकांनी वाचावी, दोन ओळींचं मत लिहून द्यावं, टोपणनावाच्या पाकिटात घालून काउंटरवर ठेवावं, ज्याचं असेल त्याने मागून घ्यावं. बक्षीस नाही, फोटो नाही. यंदाही हे करता येईल, कारण हे स्पर्धेत मोडतच नाही.

रडू आलं मला, उगाचच. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षासाठी समितीपुढे ठेवायचं तर लेखी दे, आणि यंदा सरांना तू स्वतः विचार, ते नाही म्हणणार नाहीत. तिला बक्षीस मिळायला हवं होतं, हे मला अजूनही वाटतं. ते मिळणार नाही. पण अक्षरं मोजणारं कुणीतरी तिला भेटेल, आणि सर मोजतात, तेवढं मला माहीत आहे. तिसऱ्या कडव्यावर ते काय लिहितात ते बघायची मलाच घाई झालीये.

फलकावर लावायची सूचना आत्ता लिहिली: "ज्यांच्या अर्जावर पालकांची सही नाही त्यांच्या कविता स्पर्धेत घेता येत नाहीत. मात्र त्या वाचल्या जातील. अभिप्राय हवा असल्यास टोपणनाव लिहिलेलं पाकीट काउंटरवर द्यावं." 'वाचल्या जातील' खाली रेघ मारली. समितीचा अर्ज अजून व्हायचाय, त्याची भाषा जड होतेय. उद्या मॅडमना दाखवूनच पक्का करते.