साडेसहा वाजता दुखणारे पोट

माझा मुलगा चौथीत असताना रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास त्याचे पोट दुखू लागे. दप्तर उघडण्याची वेळही तीच असल्यामुळे हे सोंग आहे असे घरात सर्वांनी ठरवून टाकले, आणि डॉक्टरांनी पोटात काही दोष नसल्याचे सांगितल्यावर माझीही तशी खात्री पटली. पुढच्या चार महिन्यांत मी त्याच्यावर जितकी ओरडले तितकी त्याआधी कधीही ओरडले नव्हते. त्याची खंत आजही वाटते.

एका रविवारी वह्यांना कव्हर घालताना मराठीच्या वहीतले एक पान हाती आले. खोडरबराने घासून घासून ते मधोमध फाटले होते. त्यावर 'पर्यावरण' हा शब्द पाच वेळा लिहून पाच वेळा खोडलेला दिसत होता; रफार कधी 'प'वर, तर कधी 'व'वर पडला होता. टंगळमंगळ करणारे मूल एकच शब्द पाच वेळा लिहीत नाही, हे त्या पानाने मला सांगितले.

शाळेच्या समुपदेशक बाईंच्या सल्ल्याने आम्ही एका सरकारी रुग्णालयात तपासणी करून घेतली. आधी डोळे आणि कान, मग बुद्धिमापन, मग लेखन, वाचन आणि गणिताच्या चाचण्या असा तो क्रम होता, आणि प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी तारीख मिळत असल्याने त्यात पाच महिने गेले. "चांगल्या धडधाकट पोराला अपंगाचा शिक्का कशाला लावतेस?" असे सासूबाईंनी डोळ्यांत पाणी आणून विचारले. त्यांची भीती मला समजत होती. तथापि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीचा, समावेश झाल्यामुळे तपासणीनंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्राच्या आधारे दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि गरज भासल्यास लेखनिक मिळू शकतो, हे मी त्यांना शांतपणे समजावले. अहवालात बुद्धी सर्वसाधारणपेक्षा किंचित जास्तच निघाली, मात्र डिसग्राफियाचे, म्हणजे लिहिण्यातल्या अक्षमतेचे, निदान झाले. डोक्यात तयार असलेले उत्तर हातातून उतरवतानाच त्याची दमछाक होत होती.

खरे काम घरी होते, आणि त्यासाठी आम्ही अहवालाची वाट पाहिली नाही. पूर्ण पान समोर आले की तो घाबरून जाई, म्हणून जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापली आणि ती पुस्तकावर ठेवू लागलो. एक ओळ संपली की पुठ्ठा खाली सरकवण्याचे काम त्याचे. दहा मिनिटे अभ्यास झाला की उठायचे, मग प्रश्न अर्धा राहिला तरी चालेल, असा नियम केला आणि तो मीही पाळला. अर्धा राहिलेला प्रश्न पाहून गप्प बसणे मला फार जड गेले. उत्तरे तो आधी तोंडी सांगे, मी लिहून घेई आणि त्यांतली दोनच तो स्वतः उतरवून काढी. गणितासाठी चौकटीची वही आणली, त्यामुळे एकक-दशकांची घरे सरकणे थांबले.

वर्गशिक्षिकांना पटवणे त्याहून कठीण होते. "एकाला सूट दिली, तर बाकीच्या पालकांना मी काय सांगू?" हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, त्यांच्या वर्गात बावन्न मुले होती. अहवाल दाखवून मी दोनच गोष्टी मागितल्या: फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी त्याला शेजाऱ्याच्या वहीची छायाप्रत मिळावी आणि इतिहास-भूगोलाच्या उत्तरांत शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. पहिली गोष्ट त्यांनी त्याच दिवशी मान्य केली, दुसरी दिवाळीनंतर.

पोटदुखी एकदम थांबली नाही. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात ती हमखास परत येई, आणि अशा वेळी मी दप्तर बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसत असे. आता तो सहावीत आहे. परवा साडेसहाला भूगोलाचे पुस्तक घेऊन तो स्वतःहून स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, पहिली तीन उत्तरं मी सांगतो, तू लिही. शेवटची दोन माझी."