नोव्हेंबरच्या हरणासाठी बजेटमधली बोल्ट-ॲक्शन: सप्टेंबरपर्यंतच्या नोंदी

मे

बोल्ट-ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट (मागचा खटका) मागेपुढे करून पुढचं काडतूस भरायची रायफल. ती, स्कोप (नेम धरायची दुर्बीण), तो बसवायचा माउंट आणि सरावाची काडतुसं मिळून १००० डॉलर, त्यावर एक छदाम नाही, असं घरी कबूल करून बसलोय. विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा गन सीझन, म्हणजे बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे हातात बऱ्यापैकी वेळ आहे.

नव्याने आलेल्यांसाठी आधी कागदपत्रांचं. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात ४४७३ फॉर्म (बंदूक खरेदीचा केंद्रीय अर्ज) भरायचा, पार्श्वभूमी तपासणी होते आणि व्यवहार पुरा. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर मात्र केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे. तिला मोजके अपवाद आहेत आणि राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक. तेव्हा परवाना आधी, रायफल नंतर. शिवाय १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपलीच, त्यामुळे घरात कुणी शिकवणारं नसतं. कोर्स सक्तीचा नसता तरी मी केला असता.

जून-जुलै

काउंटरवर सगळे पहिला प्रश्न कॅलिबरचा, म्हणजे कुठल्या मापाचं काडतूस हवं याचा विचारतात. मी दस्त्याच्या लांबीपासून सुरुवात केली. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर बहुतेक कारखानी रायफलींत साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. माझी उंची पाच फूट चार इंच. त्यात नोव्हेंबरमधलं जाडजूड जाकीट चढवलं की तीच रायफल आणखी लांब होते, मान पुढे ताणावी लागते आणि स्कोपमध्ये काळी कड दिसायला लागते. म्हणून भर जुलैत हिवाळी जाकीट काखोटीला मारून दुकानात गेलो. विक्रेता हसला, पण दोन-चार रायफली खांद्याला लावून पाहिल्यावर तोही पटलं म्हणाला.

हाताळलेल्यांपैकी टिक्का टी३एक्स निर्विवाद सरस. बोल्ट लोण्यासारखा चालतो. पण ती घेतली तर स्कोपला काही उरत नाही. सॅव्हेज ॲक्सिस सगळ्यात स्वस्त. तिची ॲक्युट्रिगरवाली (जुळवता येणाऱ्या चापाची) आवृत्तीच बघा, कारण सुरुवातीच्या साध्या ॲक्सिसचा चाप जुळवता येत नाही आणि जड चाप ओढताना नळी हलते ती हलतेच. रुगर अमेरिकनचा चाप ३ ते ५ पौंडांत जुळवता येतो. तिचा बोल्ट ७० अंशांत उघडतो, ॲक्सिसला ९० लागतात. त्यामुळे बोल्टची मूठ आणि स्कोप यांच्यात हातमोजा घातलेली बोटं मावतात. नव्या बोल्टची खरखर आहे, वापराने कमी होईल.

माझा निकाल लावला रुगर अमेरिकनच्या कॉम्पॅक्ट मॉडेलने. दस्ता साडेबारा इंच, नळी १८ इंच. आखूड नळीने गोळीचा वेग थोडा घटतो आणि आवाज वाढतो. इथल्या झाडीत दीडशे यार्डांपलीकडे फारसं दिसतच नाही, त्यामुळे वेगाचं दुःख नाही. कानांची काळजी डबल घ्यायची.

कॅलिबरवरून मित्रांशी बरंच वाजलं. सात पौंडांच्या रायफलीचा धक्का ढोबळमानाने असा: .३०-०६ ला २० फूट-पौंड, .३०८ ला १७, ६.५ क्रीडमोरला १३, .२४३ ला १०. ही रायफल त्याहून हलकी, म्हणजे धक्का सगळ्यांचाच वाढणार. मी .२४३ विंचेस्टर घेतली. १९५५ चं काडतूस, .३०८ ची मान बारीक करून बनवलेलं. १०० ग्रेनची (साडेसहा ग्रॅमची) गोळी फुप्फुसांत बसली की व्हाइटटेलला, म्हणजे इथल्या हरणाला पुरते. ‘एवढीशी गोळी?’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे चाप ओढताना डोळे मिटतात, हे मी रेंजवर पाहिलंय.

ऑगस्ट

३-९x४० स्कोप (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिमी भिंगाचा) चढवला. बोल्ट-ॲक्शनची एक सोय मला फार आवडते: बोल्ट काढायचा, रायफल टेकूवर स्थिर ठेवायची, नळीतून मागून बघत लक्ष्य मध्यावर आणायचं आणि मग रायफल न हलवता स्कोपची फुली तिथेच आणायची. पहिली गोळी २५ यार्डांवर कागदावर लागतेच. मात्र स्कोपच्या चकतीचा पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, तर २५ वर इंचाचा सोळावा भागच. क्लिक चौपट मोजायचे.

आता या किमतीच्या रायफलींचं खरं दुखणं: प्लास्टिकच्या दस्त्याचा पुढचा, नळीखालचा भाग. बहुतेकांत तो चिमटीत दाबला तरी वाकतो. वाळूची पिशवी टोकाशी ठेवली की तो नळीला जाऊन भिडतो आणि गट, म्हणजे कागदावरच्या गोळ्यांचा पुंजका, भलतीकडेच सरकतो. पिशवी मॅगझिनच्या लगेच पुढे ठेवायची. नळी आणि दस्त्याच्या फटीतून डॉलरची नोट ओढून बघा. अडकली तर आतून घासकाम करावं लागणार.

सप्टेंबर

बाकावरून १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा गट दीड इंचाच्या आसपास येतोय. तीन गोळ्यांचा कधी कधी पाऊण इंच येतो, पण तो नशिबाचा भाग. मोजायचा पाचांचाच. त्याच वजनाची गोळी दुसऱ्या कंपनीच्या काडतुसात घेतली तर गट दोन इंच डावीकडे जातो, म्हणून एकच काडतूस पक्कं केलं आणि सीझनपुरते डबे घेऊन ठेवले.

हरणाचा मर्मभाग साधारण आठ इंचांचा. दीड एमओएची रायफल २०० यार्डांवर तीन इंचांत मारते. म्हणजे रायफल पुरेशी आहे, अपुरा मी आहे: जमिनीवर बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून मारलं की तोच गट सहा इंचांचा होतो. एक एमओएच्या मागे लागून चाप बदला, दस्ता बदला असले सल्ले मिळतायत. तूर्तास कानामागे टाकलेत.

स्कोपचे उरलेले पैसे काडतुसांत घातले. यापुढे बाक बंद. कागदी प्लेटवर बसून आणि गुडघ्यावर, ५० ते १५० यार्ड. प्रत्येक वेळी थंड नळीची पहिली गोळी वेगळ्या कागदावर मारून तारीख घालून ठेवणार, कारण हरणावर बहुधा तेवढी एकच मिळते. ऑक्टोबरच्या नोंदीत त्या कागदाचा फोटो टाकीन.