तिकीट स्वस्त मिळालं, पण बस पोचते किती वाजता?

एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं म्हटलं की मी आधी बसच बघते, कारण खिशाला तेवढंच झेपतं. आणि इतकी वर्षं असं फिरल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, तिकिटाचा आकडा नंतर बघायचा, आधी बघायचं की बस पोचते किती वाजता आणि सोडते कुठे.

हे कळलं ते एका पहाटे साडेतीनला. त्या रूटवरचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं होतं, खूश होते, आणि झोपेतून हलवून उठवलं की चला उतरा, गाडी आत शहरात जात नाही. बाहेर बघते तर हायवे. पुलाखाली एकच दिवा, बॅग दोन पायांमध्ये घट्ट धरून उभी राहिले, सिटी बस सुरू व्हायला अजून अडीच तास, एक टॅक्सीवाला आला त्याने जेवढे मागितले तेवढे देऊन टाकले कारण भीती वाटत होती. तिकिटात वाचवलं होतं त्याच्यापेक्षा जास्त गेले.

तेव्हापासून ड्रॉपिंग पॉइंट मॅपवर टाकून बघितल्याशिवाय मी बुकिंग करत नाही. रात्रीची बस घ्यायची तर रात्री उशिरा सुटणारी आणि सकाळी सहानंतर पोचणारी, म्हणजे एका रात्रीच्या राहण्याचे पैसे खरोखर वाचतात. नाहीतर लवकर पोचून परत रूमच शोधावी लागते, मग काय उपयोग.

तारीख हलवता येत असेल तर आठवड्याच्या मधला दिवस घ्या, शुक्रवार-रविवारी भाडं चढतंच. आणि ज्या रूटवर दोन-तीन कंपन्या आहेत तिथे दर बरे मिळतात. जर्मनीत 2013 पर्यंत रेल्वेला धक्का लागू नये म्हणून लांब पल्ल्याच्या बसेसवर कायद्याची बंधनं होती, ती उठली तसा त्याच वर्षी फ्लिक्सबस नावाची बससेवा सुरू झाली आणि कमी पैशात फिरणाऱ्यांची केवढी सोय झाली!

सीटबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण इथे एक रुपया जास्त न देता फरक पडतो. मागची सीट बऱ्याचदा शेवटपर्यंत रिकामी असते ना, त्याला कारण आहे. शेवटच्या रांगा मागच्या चाकाच्याही मागे बाहेर लटकलेल्या असतात, त्यामुळे खड्डा आला की सी-सॉच्या टोकाला बसल्यासारखं माणूस उडतं, शिवाय मोठ्या बसेसचं इंजिन बहुतेक मागेच असतं, म्हणजे गरम हवा आणि घरघर रात्रभर. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध जी रांग येते ती घ्या, तिथे धक्के सगळ्यात कमी. मळमळणाऱ्यांनी तर नक्कीच, आणि मोबाईल खाली ठेवून लांब रस्त्याकडे बघायचं, कारण कान सांगतो हलतोय आणि डोळे सांगतात स्थिर आहोत, त्या गोंधळानेच उलटी होते.

हॉल्टला उतरायचा कंटाळा करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अभ्यासात आलंय की चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. विमानातच नाही, बसमध्येपण. म्हणून उतरा, दोन चकरा मारा, पण उतरताना नंबर प्लेटचा फोटो काढा. एकदा मी परत आले तर त्याच रंगाच्या, त्याच कंपनीच्या तीन बसेस ओळीने उभ्या, तिन्हीचे पडदे सारखे, आणि एक सुरू होऊन हळूहळू निघालेली. धावत जाऊन काचेवर हात मारला तर ती भलतीच, माझी शेजारीच उभी होती, पण छातीतली धडधड पुढे तासभर गेली नाही.

पुढच्या मंगळवारी परत निघतेय. खिडकी, मधली रांग, पोचायची वेळ सकाळी साडेसहा, आणि गाडी आत स्टँडपर्यंत जाते हे फोन करून विचारून घेतलंय.