नदीकाठच्या सोसायटीत पाणी पुरवून वापरताना

२०२३ ला ऑगस्ट कोरडाठाक गेला. १०५ टीएमसीचं कोयना धरण काठोकाठ भरलंच नाही, आणि ३१ ऑक्टोबरला सरकारनं जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत मिरज तालुका निघाला. आमचं सांगली शहर याच तालुक्यात. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर चढलेलं पाणी ज्यांनी बघितलंय, त्यांना हे पचायला जड गेलं.

पण कृष्णेचं गणितच तसं आहे. पावसाळा सरला की सांगलीजवळ पात्रात दिसतं ते पाणी बरंचसं कोयनेतून सोडलेलं. वाटेत टेंभू आणि ताकारी या शेतीला पाणी देणाऱ्या उपसा योजना ते उचलतात, खाली म्हैसाळ योजना उचलते. वरून विसर्ग कमी झाला की पात्र उघडं पडतं, शहरासाठी नदीतून पाणी उपसतात त्या विहिरीला, म्हणजे जॅकवेलला, पाणी लागत नाही आणि नळाची धार करंगळीएवढी होते. त्या हिवाळ्यात तेच झालं.

सोसायटीच्या पाण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीचे मीटिंगला आलेच नव्हते. पहिली सूचना अर्थातच नळाला डायरेक्ट मोटर लावायची. ती मी हाणून पाडली. एक तर शेजारच्या गल्लीचं पाणी ओढलं जातं. दुसरं, लाईनीत पाणी कमी असताना मोटर ओढायला लागली की फुटक्या जॉइंटमधून गटाराची घाणही आत येते. दुसरी सूचना टँकरची. टँकर मागवलेच, पण आणलेलं पाणी जातंय कुठं ते आधी बघायचं ठरवलं.

गच्चीवरची टाकी आतून अडीच मीटर बाय दोन मीटर. म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की पन्नास लिटर गेले. रात्री साडेअकराला मोटर बंद करून कोरडी काठी तळापर्यंत बुडवली आणि ओल्या खुणेवर रबर बँड चढवला. पहाटे पाचला, कुणी उठायच्या आत, पुन्हा काठी. पातळी नऊ सेंटीमीटरनं खाली! साडेचारशे लिटर, तेही सगळे झोपेत असताना. रात्रीचे दहा-बारा फ्लश वजा केले तरी निम्म्याहून जास्त पाण्याचा हिशोब लागत नव्हता.

मग नीळ घेऊन घरोघर फिरलो. फ्लशच्या टाकीत चार थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटं फ्लश ओढायचा नाही. भांड्यात निळं उतरलं तर आतला वॉशर गेलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, आमच्यात कसली गळती? परवाच तर प्लंबर येऊन गेला." चहा झाला तोवर भांड्यात निळी रेघ. काकूंनी फोन उचलला आणि त्या प्लंबरची जी काही हजेरी घेतली, ती मी इथं लिहीत नाही. ही गळती ऐकू येत नाही, दिसतही नाही. वॉशर मात्र किरकोळ पैशांत बदलतो. खालच्या टाकीचा बॉल कॉकही, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, क्षार धरून अडकला होता. नळ जोरात यायचा तेव्हा टाकी भरून पाणी थेट गटारात, आणि ते बघायला जागं कोण असणार?

वॉशर बदलल्यावर काठीवरचा फरक तीन सेंटीमीटरवर आला. टँकरही निम्म्यावर आले. पाणी वाचवा म्हणून जिन्यात लावलेल्या पाटीनं एवढं काम कधीच केलं नव्हतं.

बोअरचं पाणी मचूळ, म्हणून पार्किंगमध्ये वेगळा नळ काढून ते गाड्या आणि फरशी पुसायला ठेवलं. गच्ची तीनशे चौरस मीटरची आहे. पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तरी दीड लाख लिटर तिच्यावर पडतात. थोडं वाया जाणार धरलं तरी लाखभर उरतंच. गच्चीचे पाइप एकत्र करून, वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून ते बोअरला सोडलं. पहिल्या पावसाचं पाणी मात्र बाहेर सोडायचं, गच्चीवरची धूळ आणि पारव्यांची घाण त्यात असते.

राहिला प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवायचा विषय. दोन माणसांचं घर आणि सात माणसांचं घर टँकरचे सारखेच पैसे भरतात, यावर सगळ्यांचं दबक्या आवाजात एकमत आहे. पुढच्या मीटिंगला तो विषय घेतोय म्हटल्यावर सात माणसांच्या घरातले अण्णा लगेच म्हणाले, "घ्या की, पण मी त्या दिवशी गावाला असणार." मीटिंगची तारीख अजून ठरलेली नाही.