मन जाऊ दे गावाला, तोंड चालू ठेव

पोथी उघडली की माझं मन लगेच कामाला लागतं. म्हणजे वाचायच्या नाही, बाकी सगळ्या कामांना. गॅसचा नंबर लावायचाय, डाळ भिजत घातली का, लेकीची फी शेवटची तारीख कधी, काकूंना फोन राहिलाच. दिवसभर जे आठवत नाही ते सगळं ज्ञानेश्वरीच्या दोन ओव्यांच्या मधे बरोब्बर आठवतं.

यावर आजकाल सगळीकडे एकच सल्ला मिळतो, डोळे मिटा, शांत बसा, विचार येऊ देऊ नका. मला हे काही जमत नाही आणि खरं सांगायचं तर जमायला हवंय असंही वाटत नाही. शांत बसलं की माझ्या डोक्यात अजूनच बाजार भरतो!

आमच्या सासूबाई रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात, मेथी निवडता निवडता सुद्धा. ज्ञानोबांच्या हरिपाठाचे २७ अभंग, सगळे तोंडपाठ. त्यांना एकदा विचारलं, आई तुमचं मन लागतं का हो सगळा वेळ? तर म्हणाल्या, "अगं कुठलं लागतंय, मन जाऊ दे गावाला, तोंड चालू ठेव, येतं आपोआप परत."

मला वाटतं यात सगळं आलं. जपाचे तीन प्रकार सांगतात ना, वाचिक म्हणजे मोठ्यानं, उपांशु म्हणजे नुसते ओठ हलतात, आणि मानस. मानस जप सगळ्यात श्रेष्ठ असं ऐकलेलं असतं म्हणून आपण थेट तिथेच उडी मारतो आणि मग दोन मिनिटात ऑफिसच्या मेलचं उत्तर मनात लिहायला लागतो. डोकं भरलेलं असेल तेव्हा सरळ मोठ्यानं सुरू करावं. कानाला आवाज, तोंडाला काम, हाताला माळ. माळ मधल्या बोटावर धरायची, अंगठ्यानं मणी ओढायचा, तर्जनी लागू द्यायची नाही, १०८ झाले की मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, ओलांडायचा नाही, तिथूनच माळ उलटी फिरवायची. हे नियम का आहेत याची कारणं जाणकार वेगळी सांगतील, पण एक फायदा मला रोज दिसतो की बोटाकडे लक्ष ठेवण्यातच मनाचा अर्धा वेळ जातो, भटकायला फारसा उरतच नाही.

वाचनाचंही तेच. ओवी मनातल्या मनात वाचली की डोळे पुढे पळतात, पान उलटतं आणि काय वाचलं कळत नाही. मोठ्यानं वाचली तर पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, तिथे श्वास घ्यावाच लागतो, आणि त्या श्वासात अर्थ जरा बसतो. सप्ताहात सात दिवसांत सुमारे ९००० ओव्यांचं पारायण होतं, म्हणजे दिवसाला जवळपास १३००, तिथे शेकडो आवाज बरोबर असतात, ते ओढून नेतात. घरी एकटीनं त्या स्पीडनं वाचण्यात मला अर्थ दिसत नाही, मी चार-पाच ओव्या घेते आणि त्याच त्याच म्हणते. शेजारी एक जुनी डायरी असते, गॅस, डाळ, फी जे आठवेल ते त्यात एका शब्दात लिहून टाकायचं, एकदा लिहिलं की मन ते परत परत सांगत बसत नाही.

सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो, माऊलींनी ती काय रंगवलीय, माकड कधी समाधीला बसेल का, सोसाट्याच्या वाऱ्याला थांब म्हटलं तर थांबेल का! आणि पुढे देवाच्या तोंडी जे उत्तर आहे ते मला फार आवडतं, "यया मनाचें एक निकें । जें देखिलें गोडीचिया ठाया सोके". म्हणजे याची एक खोड चांगली आहे, जिथे गोडी लागली तिथे ते चटावतं. मारून मुटकून बसवा असं नाहीच म्हटलेलं, गोडी दाखवत जा म्हटलंय. म्हणून मी कंटाळा यायच्या आत पोथी मिटते, आवडलेली ओवी चालू असताना. दुसऱ्या दिवशी मग स्वतःहून उघडावीशी वाटते.

हे सगळं भाच्याला सांगितलं, तो पुण्यात एमपीएससी करतोय, पॉलिटी वाचताना लक्ष लागत नाही म्हणून रडत होता. म्हटलं अरे मोठ्यानं वाच, गच्चीवर जा, फेऱ्या मारत वाच. तर म्हणतो, "मामी, अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे भरलेत, आणि तिथे पेन पडला तरी सगळे वळून बघतात." आता यावर मी काय बोलणार, म्हटलं निदान ओठ तरी हलव.