भुसावळच्या भंगारातला सुतारपक्षी

डबा उघडला आणि आधी आला तो वास. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरची बाटली उघडी राहिली की येतो तसा, नाकात चढणारा. भुसावळला रेल्वे क्वार्टर्सच्या बाजूला एक भंगारवाला आहे, त्याच्याकडे मी जुन्या कॅमेऱ्यांसाठी अधूनमधून चक्कर मारतो. एका अँग्लो-इंडियन कुटुंबाचं घर रिकामं झालं होतं, त्यातून हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्याच्याकडे आलेला. आत नऊ छोटी रिळं. "कॅसेटची टेप दिसते भाऊ," म्हणत तो वजनकाटा काढायला वळला. मी थेट 600 रुपये काढून दिले. किलोवर घेतला असता तर पन्नासेक रुपयांत मिळाला असता, पण एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर वुडी वुडपेकर या कार्टूनमधल्या सुतारपक्ष्याचं चित्र आणि कॅसल फिल्म्सचं नाव दिसलं होतं. मग कुठला धीर धरतो माणूस.

व्हिडिओ येण्याआधी अमेरिकेत घरी दाखवायला अशी कार्टून विकत मिळायची. युजीन कॅसलने 1924 मध्ये ही कंपनी काढली आणि पुढे वुडीचा जनक वॉल्टर लँट्झ याची कार्टून तिच्या रिळांवर घरोघरी गेली. विकताना नावं बदलायचे, त्यामुळे खोक्यावरचं नाव आणि थिएटरमधलं मूळ नाव बऱ्याचदा जुळत नाही. त्यात माझे दोन आठवडे गेले. एकच कार्टून 50 फुटांत कापून आणि 200 फुटांत पूर्ण, असं दोन्ही विकायचे. साध्या आठ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 80 चित्रं बसतात. सात मिनिटांचं कार्टून म्हणजे सेकंदाला 24 या हिशेबाने 10,080 चित्रं, साधारण 126 फूट. 50 फुटांच्या रिळात उरतं ते पळापळी आणि ठोकाठोकी. कथा गेली तरी पोरांना चालत असावं.

माझी पहिली चूक प्रोजेक्टरची. मुंबईला चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एक मशीन स्वस्तात मिळालं आणि मी ते एसटीत मांडीवर घेऊन जळगावला आलो. घरी रीळ लावायला गेलो तर ते दांड्यावर बसेना. मशीन सुपर 8 चं, माझी रिळं साध्या 8 मिलिमीटरची. रुंदी दोन्हींची तीच, म्हणून मी फसलो. साधं 8 कोडॅकने 1932 मध्ये आणलं, सुपर 8 आलं 1965 मध्ये. सुपरच्या फिल्मच्या कडेची छिद्रं बारीक केल्यामुळे चित्राला जागा जास्त मिळाली, रिळाच्या मधलं भोकही मोठं झालं. आता ओळख सोपी वाटते: साध्या 8 ची छिद्रं मोठी आणि दोन चित्रांच्या सीमेवर, सुपरची बारीक आणि चित्राच्या मध्यावर. तेव्हा मी फिल्म उजेडाला धरून पाहिलीच नव्हती.

दोन्ही चालवणारं मशीन शेवटी चाळीसगावला सापडलं. छायाचित्रकार केकी मूस यांच्या गावात जुनं काही मिळेल अशी माझी भाबडी समजूत होती, ती निदान या वेळी खरी ठरली. बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या माळ्यावर ते होतं. मालकाने पैसे घेतले नाहीत, "चाललं तर सांगा" एवढंच म्हणाले. चालत नव्हतं. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, दोन संध्याकाळी काड्या आणि चिंधी घेऊन तो खरवडला. नवा पट्टा कुठून आणणार? जळगावात मोटारपंपाच्या आणि ठिबकच्या दुकानांत हवी तेवढी रबरी ओ-रिंग मिळते. चाकांना दोरा गुंडाळून माप घेतलं, किंचित लहान रिंग घेतली, 30 रुपयांत मशीन फिरायला लागलं. दिवा मात्र अवघड गेला. 12 व्होल्ट, 100 वॉटचा, मागे वाटीसारखा आरसा असलेला हॅलोजन. तो मायक्रोस्कोपचं सामान विकणाऱ्याकडे मिळाला.

आता रिळं. इथे माझी घाई नडली असती, पण वासाने अडवलं. ही फिल्म अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची असते. जुनी होता होता ती अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच, सोडते, आणि तेच आम्ल तिला आणखी सडवतं. बंद डब्यात ती वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. नऊपैकी दोन रिळांना जबर वास होता, कडा लाटेसारख्या वळलेल्या. ती त्याच दिवशी गच्चीवरच्या खोलीत, झाकण सैल ठेवून वेगळी केली. बाकी सात एकेक तपासली. हाताने फिरवायची दोन चक्रं एका फळीवर बसवली आणि जुन्या धोतराचं कापड बोटांत धरून फिल्म त्यातून ओढली. कापड किंचित ओलं करायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला वापरतात ते. पाणी अजिबात नाही. पहिल्या रिळाला कापड काळंकुट्ट झालं, बुरशी आणि कोळशाची धूळ. भुसावळचं घर ना, इंजिनांच्या जमान्यातली असावी.

मग आक्रसण्याची परीक्षा. नवी कोरी फिल्म आणि जुनी शेजारी ठेवून 100 छिद्रं मोजायची. जुनीत पूर्ण एका छिद्राचा फरक पडला, म्हणजे एक टक्का आक्रसली, तर मी मशीनला लावत नाही. मशीनचा फिल्म ओढणारा पंजा छिद्रात नीट पडत नाही आणि फिल्म फाटत जाते. असं एक रीळ बाद झालं. फार जीव तुटला, कारण त्यावर फेलिक्स मांजर होतं, काळं-पांढरं, चित्रातली चांदी अजून लख्ख.

जोडांचा ताप वेगळाच. आधीच्या मालकाने तुटलेल्या ठिकाणी सरळ सेलोटेप लावलेली. तिचा डिंक पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटलेला. एकेका जोडाला अर्धा तास गेला, वर छिद्रं पाडलेली खास चिकटपट्टी परदेशातून मागवावी लागली. ती रिळाहून महाग पडली, टपालखर्च धरून तर विचारूच नका. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला पाचेक फूट कोरी फिल्म जोडली, म्हणजे लावताना ओरखडे पडले तर कोऱ्या भागावर पडतात.

साठवण हा आमच्याकडचा खरा प्रश्न. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास आणि आमची सिमेंटची गच्ची रात्री अकरापर्यंत तापलेली. उष्णतेने ते आम्ल भराभर वाढतं. फ्रिजमध्ये ठेवायचं ठरवलं तर बायकोने कैरीच्या लोणच्याची बरणी दाखवली आणि विषय संपला. शेवटी रिळं गावी नेली, अमळनेरजवळ. आजोबांचं धाब्याचं घर आहे, जाड मातीच्या भिंती, आत उन्हाळ्यातही पंख्याशिवाय झोप लागते. पण धाब्यातून माती झडते आणि वाळवीही आहेच, म्हणून धान्याच्या स्टीलच्या कोठीत ठेवली. आई म्हणाली, "काय करी राह्यना रे? कोठीमा दायी ठेवतस, हाई काय शे?" म्हणजे कोठीत डाळ ठेवतात, हे काय?

तेव्हा दाखवायचं ठरलं. ओट्यावर मशीन, समोरच्या भिंतीवर धुतलेलं धोतर ताणलं. भाऊबंदांची नऊ-दहा पोरं जमली. सुतारपक्षी रंगीत होता, म्हणजे कधीकाळी. जुन्या रंगीत फिल्ममधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी-तांबडं होतं. वुडीचं निळं अंग मातकट झालं होतं, डोक्यावरचा लाल तुरा तेवढा ठणठणीत. वर मी मशीन 18 च्या गतीवर ठेवलेलं, त्यामुळे पक्षी दुपारची झोप काढून उठल्यासारखा आळसात ठोकत होता. 24 वर नेलं तसा अंगात आला. आवाज नाहीच, ही मुकी प्रत. मधूनमधून इंग्रजी अक्षरांची पाटी. पाटी आली की आईच बोलायची, आणि पाटीवर काय लिहिलंय याच्याशी तिचा काही संबंध नसायचा. सुताराला तिने भाडं थकवणारा भाडेकरू केलं होतं. पोरं लोळत होती.

रीळ संपलं. आई म्हणाली, "आखो लाव." उलटं गुंडाळून पुन्हा लावलं. निम्म्यावर आलं आणि गावाची लाइट गेली. पंखा थांबला, दिवा विझला, फिल्म जागच्या जागी. लाइट आली आणि फिल्म थांबलेलीच असताना दिवा पेटला, तर तेवढं चित्र तपकिरी फोड येऊन जळतं. मी अंधारात चाचपडत बटण शून्यावर आणलं आणि फिल्म बाहेर ओढायला हात घातला.

"हात नको लावू," आई म्हणाली. "येई लाइट."